मेश वायफायला पॉवरलाइन अडॅप्टर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलमध्ये दोनशे एमबीपीएस आणि वरच्या मजल्यावर व्हिडिओ कॉलमधला माणूस तोंड उघडं ठेवून थिजलेला, अशी अवस्था असलेल्यांसाठी हे पान आहे. मेशची, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणाऱ्या संचाची, दोन-तीन युनिटं आणूनही भागलेलं नाही, भिंती फोडायला घरात कुणी तयार नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की विजेच्या वायरीतूनच इंटरनेट नेता येतं. नेता येतं. कुठे जमतं, कुठे फसतं, ते खाली.

पॉवरलाइन अडॅप्टर म्हणजे नेमकं काय?

मोबाइल चार्जरपेक्षा जरा मोठ्या दोन डब्या. पहिली राउटरजवळच्या प्लगमध्ये खोचायची आणि लॅन केबलने राउटरला जोडायची. दुसरी लांबच्या खोलीतल्या प्लगमध्ये. तिच्या लॅन पोर्टमधून इंटरनेट बाहेर येतं. मधलं अंतर घरातलं वायरिंग कापतं.

आपली वीज ५० हर्ट्झची असते. अडॅप्टर त्याच तारेवर काही मेगाहर्ट्झचा संदेश चढवतो. होमप्लग एव्ही या प्रचलित पॉवरलाइन पद्धतीत तो साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, नंतरच्या एव्ही-२ मध्ये वरची हद्द ८६ मेगाहर्ट्झपर्यंत गेली. वीज आणि संदेश यांच्या फ्रिक्वेन्सींत इतकं अंतर आहे की एकाच तांब्यातून दोन्ही बिनबोभाट जातात. हा पट्टा शेकडो बारीक वाहिन्यांत वाटलेला असतो. ज्या वाहिनीवर गोंगाट जास्त तिथे अडॅप्टर कमी माहिती भरतो किंवा ती सोडूनच देतो, आणि हा हिशेब सतत नव्याने मांडतो. म्हणूनच सकाळचा वेग आणि संध्याकाळचा वेग सहसा सारखा नसतो.

तंत्र नवं नाही. होमप्लगची पहिली आवृत्ती २००१ सालची, कागदावर १४ एमबीपीएसची. २००५ मध्ये एव्ही आलं, २०१० मध्ये आयईईई १९०१ हे प्रमाण ठरलं, २०१२ मध्ये एव्ही-२. जी-डॉट-एचएन नावाची वेगळी पद्धतही बाजारात आहे. तिचे अडॅप्टर आणि होमप्लगचे अडॅप्टर एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा एका घरात एकच पद्धत ठेवा.

मेश असताना याची गरजच काय?

मेशची युनिटं आपापसात वायफायवरूनच बोलतात. या आतल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. स्वस्त, दोन बँडच्या मेशमध्ये ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ तुमच्या फोनशीही बोलतो आणि मुख्य युनिटशीही. एकाच तोंडाने दोघांशी बोलायचं, त्यामुळे दुसऱ्या युनिटवर वेग साधारण निम्म्यावर येतो. मधे भिंत जाड असेल तर त्याहून खाली.

आणि आपल्याकडे भिंती जाड असतातच. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या भिंती, जुन्या वाड्यांची दगडी बांधणी, बंगल्यातला सळयांनी भरलेला स्लॅब: ५ गिगाहर्ट्झला यातलं काहीच मानवत नाही. युनिटं वरखाली ठेवली तर मधे स्लॅब येतो, जिन्यात ठेवावं तर तिथे प्लग नसतो.

बॅकहॉल तारेवर नेला की रेडिओ पूर्णपणे फोन-लॅपटॉपसाठी मोकळा होतो. सगळ्यात उत्तम तार म्हणजे कॅट-६ लॅन केबल. ती शक्यच नसेल तेव्हा पॉवरलाइन. हा क्रम उलटा करू नका.

जोडणी कशी करायची?

फायबरच्या मोडेममधून मेशच्या मुख्य युनिटला केबल. मुख्य युनिटच्या दुसऱ्या पोर्टमधून पहिल्या अडॅप्टरला केबल. लांबच्या खोलीत दुसऱ्या अडॅप्टरमधून मेशच्या दुसऱ्या युनिटला केबल.

एकच गोष्ट सांभाळा. अडॅप्टर मुख्य युनिटनंतर हवा. तो थेट मोडेमला लावला, तर दुसरं युनिट मुख्य युनिटला वळसा घालून मोडेमशी जोडलं जातं आणि मेश गोंधळतं. मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर असेल, म्हणजे राउटरचं काम मोडेमच करत असेल, तर हा नियम सैल होतो, पण तिथेही मुख्य युनिटमधूनच काढलेलं बरं.

दुसरं युनिट आधी मुख्य युनिटच्या शेजारी ठेवून वायफायवर मेशमध्ये सामील करून घ्या. ॲपमध्ये दोन्ही हिरवी दिसली की मग ते वर नेऊन केबल लावा. कोरं युनिट थेट पॉवरलाइनच्या टोकाला लावून सेटअप करत बसलात, तर अडलेलं गाडं मेशमुळे अडलंय की वायरिंगमुळे, ते कळायला मार्ग उरत नाही.

डबीवर १००० लिहिलंय. मला किती मिळेल?

छापलेल्या आकड्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याची अपेक्षा ठेवा. एव्ही-१००० वर १०० ते २०० एमबीपीएस मिळाले तर वायरिंग चांगलं आहे असं समजा. नशीब जोरावर असेल तर थोडं जास्त, जुन्या घरात चाळीसही.

यात निव्वळ फसवणूक आहे असं नाही, जाहिरातीचं गणित आहे. तो आकडा तारेवरच्या कच्च्या संदेशाचा, तोही आदर्श स्थितीतला. त्यातून चुका दुरुस्त करण्याचा आणि रांग सांभाळण्याचा खर्च वजा होतो. शिवाय तार एकच. एका वेळी एकच अडॅप्टर बोलू शकतो, त्यामुळे अपलोड आणि डाउनलोड एकाच ताटातलं वाटून घेतात. तिसरा-चौथा अडॅप्टर लावला तर तोही त्याच ताटावर बसतो.

खरेदीच्या वेळी मोठ्या आकड्याऐवजी लॅन पोर्ट बघा. एव्ही-५०० आणि एव्ही-६०० वर्गातल्या बऱ्याच अडॅप्टरना जुना १०० एमबीपीएसचा पोर्ट असतो. डबीवर ६०० असलं तरी पोर्टमधून ९५ च्या वर काही बाहेर येणारच नाही. गिगाबिट पोर्ट असल्याशिवाय घेऊ नका. एव्ही-१२०० आणि त्यापुढच्या बहुतेक मॉडेलांत मायमो असतं, म्हणजे फेज-न्यूट्रलच्या जोडीने अर्थिंगची तारही संदेशासाठी वापरली जाते. घरात धड अर्थिंग नसेल तर त्याचे जादा पैसे वाया.

अडॅप्टर लावल्यावर वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला. असं कसं?

कारण मेश केबलवर डोळे मिटून विश्वास ठेवतं.

मेशच्या युनिटला लॅन पोर्टमध्ये काहीतरी खोचलेलं दिसलं आणि त्या वाटेने मुख्य युनिट सापडलं, की बहुतेक सिस्टिम लगेच तारेचा बॅकहॉल धरतात आणि वायफायचा सोडतात. पोर्टला दिसतो तो अडॅप्टरपर्यंतचा दीड फुटाचा तुकडा, आणि तो खरंच गिगाबिट असतो. पुढे तीच वाट माळ्यावरच्या जुन्या सांध्यांतून, तीन एमसीबींतून आणि गिझरच्या लाइनवरून जाते, हे त्याला कसं कळणार? परिणामी वायफायवर १५० एमबीपीएस मिळत असलेलं युनिट तुम्ही स्वतःच्या हाताने ४० एमबीपीएसच्या तारेवर आणून बसवता, आणि ॲप मात्र अभिमानाने "इथरनेट बॅकहॉल, उत्तम" असं दाखवतं.

पॉवरलाइन आणि मेशच्या संसारातली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. लोक अडॅप्टर बदलतात, मेश बदलतात, कंपनीच्या हेल्पलाइनवर तास घालवतात. दोष एकट्या कुणाचाच नसतो.

असूसच्या एआयमेशसारख्या काही सिस्टिममध्ये कोणत्या बॅकहॉलला प्राधान्य द्यायचं ते हाताने ठरवता येतं. बऱ्याच मेशमध्ये ही सोय नसते. तिथे उपाय एकच, आधी मोजायचं आणि मग केबल लावायची.

मग मोजायचं कसं?

लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप हवा, नसेल तर यूएसबीला लागणारा लॅनचा तुकडा चालतो. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर तो गुपचूप तिकडूनच आकडे देईल.

पहिलं माप आहे त्या स्थितीत घ्या. दुसरं युनिट वायफाय बॅकहॉलवर असताना त्याच्या लॅन पोर्टला लॅपटॉप लावा आणि वेग बघा. दुसरं माप पॉवरलाइनचं. तोच लॅपटॉप त्याच खोलीतल्या अडॅप्टरला थेट लावा, मधे मेश युनिट नको. जो आकडा मोठा आणि स्थिर, तो तुमचा बॅकहॉल.

तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर इंटरनेटवरची साधी स्पीड टेस्ट पुरते. प्लॅन त्याहून मोठा असेल, किंवा रात्री कंपनीचाच वेग पडत असेल, तर दोन लॅपटॉप घेऊन आयपर्फ नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरा. एक मुख्य युनिटला केबलने, दुसरा अडॅप्टरला. इंटरनेट मधे येतच नाही, फक्त घरातली वाट मोजली जाते. दोन्ही दिशांनी मोजा. एका दिशेने १२० आणि उलट दिशेने ५० असं सर्रास दिसतं, कारण गोंगाट ज्या टोकाला जास्त तिथे ऐकू कमी येतं.

अशी मापं निदान दोन वेळा घ्या, दुपारी शांत घरात आणि संध्याकाळी दिवे, पंखे, टीव्ही, चार्जर सगळं चालू असताना. संध्याकाळचा आकडा खरा माना. विकत घेताना परत करण्याची मुदत बघून घ्या आणि त्या मुदतीतच हे सगळं उरका. तुमच्या घरात पॉवरलाइन चालेल की नाही, हे डबीवरून, परीक्षणांवरून किंवा या पानावरून कळत नाही.

अडॅप्टरवरचा दिवाही थोडं सांगतो. बहुतेक मॉडेलांत हिरवा बरा, पिवळा मध्यम आणि लाल वाईट. पण हिरव्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, त्यावर विसंबू नका.

कुठल्या प्लगमध्ये लावू?

भिंतीवरच्या बोर्डात, थेट. एक्स्टेन्शन बोर्डात नको, आणि स्पाइक गार्डमध्ये तर मुळीच नको. स्पाइक गार्डचं कामच तारेवरचे जलद चढउतार गिळणं आहे, आणि अडॅप्टरचा संदेश म्हणजे तेच. स्टॅबिलायझर आणि यूपीएस यांच्या मागेही नको.

पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरच्या बोर्डापासून लांब बसवता आलं तर उत्तम. आणि एकाच प्लगमधून अडॅप्टर व मेश युनिट दोन्ही चालवायची असतील तर अंगावर स्वतःचं सॉकेट असलेलं मॉडेल घ्या. त्या सॉकेटला आतून गाळणी असते. मेश युनिटचा चार्जर किंवा अख्खा एक्स्टेन्शन बोर्ड तिथे लावला तर त्यांचा गोंगाट तारेवर कमी उतरतो.

ऑनलाइन मागवलेल्या अडॅप्टरच्या पिना आपल्या बोर्डात बसत नाहीत.

भारतात मिळणाऱ्या अनेक जोड्या युरोप किंवा ब्रिटनसाठी बनलेल्या असतात.

युरोपीय प्लगच्या दोन गोल पिना आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जातात, पण सैल बसतात. त्यात अर्थिंगची पिन नसते, अर्थिंगचा संपर्क प्लगच्या कडेला असतो. आपल्या सॉकेटमध्ये तो कशालाच टेकत नाही. अडॅप्टर चालतो, पण मायमो मुकाट बंद पडतं आणि एव्ही-१२०० चा एव्ही-६०० होऊन बसतो. सैल पिना तापतात, ठिणग्या उडतात, तो धोका वेगळाच.

ब्रिटिश चौकोनी पिनांच्या प्लगला अर्थिंगची पिन असते. त्याला तीन पिनांचं कन्व्हर्जन प्लग घ्या आणि वरची जाड पिन धातूची आहे ना ते बघा. प्लॅस्टिकची असेल तर ती केवळ झडप उघडायला आहे, अर्थिंग नाही. घट्ट बसणारं चांगलं कन्व्हर्जन घ्यायला चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

लाइट गेल्यावर चालेल का? घरात इन्व्हर्टर आहे.

परदेशी माहितीपत्रकांत हा प्रश्न नसतोच, आणि आपल्याकडे पहिला हाच विचारायला हवा.

इन्व्हर्टर असलेल्या घरात बहुधा दोन लाइनी असतात. एक थेट मेनची, ज्यावर गिझर, एसी, फ्रिज, ओव्हन. दुसरी इन्व्हर्टरमधून फिरून आलेली, ज्यावर दिवे, पंखे, टीव्ही. लाइट असताना इन्व्हर्टर मेनचीच वीज पुढे सोडतो, त्यामुळे एक अडॅप्टर मेनच्या लाइनवर आणि एक इन्व्हर्टरच्या लाइनवर असला तरी संदेश कसाबसा पोचतो. कसाबसा म्हणण्याचं कारण, वाटेत इन्व्हर्टरच्या आतले भाग त्याला बरंच खातात. लाइट गेली की इन्व्हर्टर स्वतःची लाइन मेनपासून तोडतो. मेनच्या लाइनवरचा अडॅप्टर विझतो आणि दुवा संपतो.

म्हणून दोन्ही अडॅप्टर, मोडेम आणि मेशची सगळी युनिटं इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा. मग संदेशाला इन्व्हर्टर ओलांडावा लागत नाही आणि लाइट गेल्यावरही सगळं एकत्र जिवंत राहतं. कोणता बोर्ड कुठल्या लाइनवर आहे हे शोधायची सोपी रीत: लाइट गेलेली असताना घरभर फिरून कुठल्या प्लगमध्ये चार्जर चालतो ते बघून ठेवायचं. बॅटरीवर असताना वेग पडला तर नवल नाही. चौकोनी लहरीचे जुने इन्व्हर्टर तारेवर फार कचरा टाकतात. शुद्ध साइन वेव्हचे त्यामानाने बरे.

राउटरचे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस अनेकांनी घेतलेत. त्यावर मोडेम आणि मेश चालतं, पॉवरलाइन अडॅप्टर चालत नाही, कारण त्याला २३० व्होल्टचा प्लगच लागतो. अशा घरात लाइट गेली की लांबचं युनिट चालू राहतं, पण त्याची तार मेलेली असते. मुख्य युनिटचं वायफाय तिथवर पोचत असेल तर ते वायफाय बॅकहॉलवर जाईल, नाहीतर नुसतंच चमकत बसेल.

वरच्या मजल्याचं मीटर वेगळं आहे.

मग बहुधा नाही. खाली आपण, वर भाऊ किंवा भाडेकरू, मीटरं दोन, अशी घरं आपल्याकडे खूप. संदेशाला एका मीटरमधून बाहेर पडून दुसऱ्यातून आत यावं लागतं. मीटर बोर्डावर तारा शेजारी शेजारी असल्या तर थोडाफार संदेश इकडून तिकडे झिरपतो, पण त्यावर मेशचा बॅकहॉल चालवणं म्हणजे रोज नवी कटकट. जिन्यातून किंवा खिडकीतून केबलच न्या.

आणि थ्री फेज असेल तर?

दोन्ही अडॅप्टर एकाच फेजवर असले तर काहीच अडचण नाही. वेगळ्या फेजवर असले तरी डीबीमध्ये (एमसीबी बसवलेल्या पेटीत) आणि पाइपातून जवळजवळ गेलेल्या तारांमुळे काही संदेश पलीकडे जातो, म्हणून कधीकधी चालूनही जातं. वेग मात्र घसरतो. ओळखीचा वायरमन असेल तर एका खोलीची एमसीबी दुसऱ्या फेजवर हलवणं त्याच्यासाठी मोठं काम नाही. फक्त कोणत्या फेजवर किती भार आहे हे त्याने आधी बघितलं पाहिजे. इंटरनेटसाठी गिझर आणि एसी एकाच फेजवर आणून ठेवले, असं व्हायला नको. डीबी स्वतः उघडू नका.

मिक्सर लावला की इंटरनेट अडकतं. योगायोग आहे का?

नाही. मिक्सरच्या मोटरीत कार्बनचे ब्रश असतात आणि ते फिरताना बारीक ठिणग्या पडतात. ठिणगी म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींवरचा गोंगाट. ड्रिल मशीन आणि व्हॅक्यूम क्लीनर त्याच जातीचे. चटणी वाटून होईपर्यंत कॉल अडखळणार.

जास्त त्रास देतात ती दिवसभर चालू राहणारी उपकरणं: नावगाव नसलेले मोबाइल चार्जर, स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. इंडक्शन शेगडीही कमी नाही. छतावर सोलर असेल तर त्याच्या इन्व्हर्टरमुळे काही घरांत दिवसा वेग कमी आणि सूर्य मावळल्यावर जास्त, असं उलटंच चित्र दिसतं. शोधायची रीत कंटाळवाणी आहे पण खात्रीची: वेग मोजत मोजत एकेक वस्तू प्लगमधून काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, काही वस्तू बंद असतानाही कुरकुरतात. बहुतेकदा गुन्हेगार अडॅप्टरच्याच बोर्डावर सापडतो.

शेजाऱ्याला माझं इंटरनेट मिळेल का?

मीटर म्हणजे भिंत नव्हे. सोसायटीत एकाच फेजवर असलेल्या शेजारच्या फ्लॅटपर्यंत संदेश पोचू शकतो. त्याच्याकडेही अडॅप्टर असतील आणि दोघांनीही ते खोक्यातून काढून तसेच लावले असतील, तर कारखान्यातून आलेली नाव-किल्ली (नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड) सारखीच असल्यामुळे ते एकमेकांना ओळखू शकतात. म्हणून पेअर बटण वापराच: एका अडॅप्टरवर दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावर. यानंतर तुमच्या जोडीची किल्ली वेगळी होते. होमप्लग एव्हीमध्ये माहिती १२८ बिट एईएस एन्क्रिप्शनने कुलूपबंद असते, घरासाठी ते पुरेसं आहे.

कुठलंही मेश चालेल का?

दुसऱ्या युनिटला लॅन पोर्ट असलं पाहिजे. हे सांगायला लागू नये, पण लागतं. गुगलच्या २०१९ च्या नेस्ट वायफायमधल्या दुय्यम पॉइंटला पोर्टच नव्हतं. त्याआधीच्या गुगल वायफायला होतं, २०२२ च्या नेस्ट वायफाय प्रोलाही आहे. पोर्टचा वेगही बघा. टीपी-लिंकच्या डेको ई-४ ला १०० एमबीपीएसची पोर्टं आहेत, डेको एम-४ ला गिगाबिटची. ई-४ च्या मागे एव्ही-२००० लावणं व्यर्थ.

पॉवरलाइन आतच असलेली मेशही निघाली. टीपी-लिंकचं डेको पी-९ त्यातलं, एव्ही-१००० पोटात घेऊन आलेलं. अशा युनिटांचा मोठा फायदा हा की त्यांना तार विजेची आहे हे माहीत असतं. ती वायफाय आणि पॉवरलाइन दोन्ही वाटा जवळ ठेवतात, डोळे मिटून एकीवर जात नाहीत. वायफायच्या बाबतीत मात्र पी-९ आजच्या मेशपेक्षा जुन्या पिढीचं आहे. वापरलेली स्वस्तात मिळाली तर जाड भिंतींच्या घरात वाईट सौदा नाही.

केबल लावली, इंटरनेट चालतंय, पण ॲप अजून वायफाय बॅकहॉलच दाखवतं.

युनिट एकदा बंद करून चालू करा. तरीही तसंच असेल तर मधे स्विच आहे का ते बघा. काही मेशची युनिटं एकमेकांना ओळखायला आयईईई १९०५.१ या प्रमाणाचे संदेश पाठवतात आणि काही स्विच ते पुढे सोडत नाहीत. स्विच काढून थेट जोडून बघा.

थोडा वेळ वापरलं नाही की पहिलं पान उघडायला वेळ लागतो.

अडॅप्टर झोपला असेल. मागचं उपकरण गप्प झालं की बरेच अडॅप्टर वीज वाचवायला झोपतात. मेश युनिट मागे असताना हे सहसा होत नाही, कारण ते सतत चालू असतं. होत असेल तर अडॅप्टरच्या ॲपमध्ये पॉवर सेव्हिंग बंद करा. एरवीही केबलच्या तुलनेत पॉवरलाइनवर काही मिलीसेकंदांचा उशीर असतो आणि तो कमीजास्त होतो. व्हिडिओ कॉलला कळत नाही, खेळणाऱ्या पोरांना कळतं.

पावसाळ्यात विजा पडतात तेव्हा काय?

वळवाच्या सरी सुरू झाल्या, ढग गडगडायला लागले की अडॅप्टर प्लगमधून काढा. फायबरमुळे एक सोय झाली होती, बाहेरून येणारी तार काचेची झाली. पॉवरलाइनने विजेची लाइन पुन्हा थेट तुमच्या लॅन पोर्टच्या शेजारी आणून ठेवली. अडॅप्टर गेला तर तेवढ्यावरच थांबेल याची हमी नाही, मागचं मेश युनिटही जाऊ शकतं. स्पाइक गार्ड लावता येत नाही हे वर आलंच. गावाकडचं किंवा उघड्यावरचं घर असेल तर डीबीतच सर्ज प्रोटेक्शन बसवून घ्या, आणि त्याआधी अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगशिवाय ते नुसतं शोभेचं.

वीजबिल वाढेल?

एक अडॅप्टर साधारण ३-४ वॉट घेतो. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला दोन-तीन युनिट, म्हणजे जोडीचे चार ते सहा.

केबल किंवा दुसरा काही उपाय?

केबलबद्दल लोक उगाच घाबरतात. भिंत फोडायची गरज नसते. एका खिडकीच्या चौकटीतून बाहेर, भिंतीवरून वर, दुसऱ्या खिडकीतून आत, एवढंच बहुतेक घरांत लागतं. डिश टीव्हीची वायर तशीच तर गेलेली असते. बाहेरून न्यायची तर काळ्या वेष्टनाची आउटडोअर कॅट-६ घ्या, उन्हाने साधी केबल तडकते. आतून न्यायची तर केसिंग पट्टी. केबल शुद्ध तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली बाजारात भरपूर आहे आणि ती वाकवताना पटकन मोडते. शंभर मीटरपर्यंत गिगाबिट चालतं, आणि इतकं लांब घर फार कमी लोकांचं असतं. विजेच्या तारांच्या पाइपातून लॅन केबल ओढू नका, वायरमन कितीही "काही होत नाही" म्हणाला तरी.

परदेशात टीव्हीच्या कोॲक्सिअल केबलवर चालणारं मोका वापरतात आणि ते पॉवरलाइनपेक्षा खूपच चांगलं असतं. आपल्याकडे अडचण ही की घरात कोॲक्सिअल असलीच तर ती बहुधा डिशची. डिशचा संदेश त्या केबलमध्ये ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर येतो आणि मोका ११२५ ते १६७५ वर. एकाच केबलवर दोघं नांदत नाहीत. डिश काढून टाकली असेल आणि केबल तशीच पडून असेल, तर मात्र विचार करण्यासारखं आहे.

मेशचं तिसरं युनिट घेऊन मधे ठेवणं हाही उपाय आहे. पॉवरलाइनच्या जोडीएवढ्याच पैशात ते कधीकधी येतं, आणि मधली जागा बरोबर सापडली तर वेगही बरा देतं.

नवीन घराचं वायरिंग चालू आहे. पॉवरलाइनच्या हिशेबाने काही करून ठेवू का?

पॉवरलाइनच्या हिशेबाने काहीच नको. प्रत्येक खोलीत आणि जिन्याच्या वळणावर छताजवळ लॅनसाठी वेगळा रिकामा पाइप टाकून घ्या, सगळे पाइप मोडेमच्या जागी एकत्र आणा आणि प्रत्येकात ओढायला दोरी सोडून ठेवा. पाइप पाऊण इंचाहून बारीक नको, कोपऱ्यांना काटकोनी बेंड नको. केबल आज नाही ओढली तरी चालेल. मोडेम कुठे येणार हे मात्र गिलाव्याआधी ठरवा, आणि तिथे इन्व्हर्टरच्या लाइनवरचे चार प्लग द्या.